साठावी खाच

सिडको, नाशिक
१२ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

आई म्हणाली, तुम्हाला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून मामींनी ते पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं आहे. म्हणून पत्र लिहितो आहे. तसंही मला जे विचारायचं आहे त्यात आकडे आहेत. आकडे फोनवर सांगितले की नंतर मला खात्री वाटत नाही.

आमच्या मागच्या शेडमधला पप्पांचा छोटा लेथ तुम्हाला आठवत असेल. शाळेच्या वर्कशॉपच्या लिलावातून आणला तेव्हा टेम्पोतून उतरवायला तुम्हीच आला होतात. पप्पांच्या हातून ती चाळीस चाकं बिघडली आणि त्यांना मशीनवरून काढलं, ते साल २००८. तेव्हापासून त्यांनी या लेथला हात लावलेला नाही. ते शाळेची व्हॅन चालवतात. लेथवर ताडपत्री असायची आणि ताडपत्रीवर आई पापड वाळवायची.

मागच्या वर्षी मी ताडपत्री काढली. गोदामातून सुटल्यावर रोज थोडं पुसलं, तेल दिलं, पट्टा बदलला. लेथ चालतो. पप्पा दारावरून बघून जायचे. पण गेल्या रविवारी जेवताना म्हणाले, "चांदवडच्या एका माणसाला लेथ पाहिजे. चौदा एप्रिलच्या आत एक तरी वस्तू बिनचूक करून दाखव. नाही जमलं तर देऊन टाकतो, आणि तू गोदामातली नोकरी नीट कर. माझ्या हातात खोट होती. तुझ्यात उतरली असेल तर आत्ताच कळलेली बरी."

डिप्लोमा मी पहिल्या वर्षानंतर सोडला, म्हणून त्यांना वाटतं की मी हेही सोडीन.

मी जी वस्तू करायची ठरवली आहे तिला एन्कोडर चकती म्हणतात. आपल्या लेथच्या हँडलवरचे आकडे झिजून गेले आहेत, त्यामुळे हत्यार किती सरकलं ते कळत नाही. हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या टोकाला एक पातळ चकती बसवायची. तिच्या काठाला सारख्या अंतरावर साठ खाचा. एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा छोटा डोळा. स्क्रू फिरला की उजेड खाचेतून जातो, अडतो, परत जातो. डोळा ते मोजतो आणि आकडा समोर दिसतो. स्क्रूच्या एका फेरीला हत्यार तीन मिलिमीटर सरकतं, म्हणजे एका खाचेला पाच शतांश मिलिमीटर. सर्किट मी जोडलं आहे. ते बरोबर मोजतं. चकती राहिली आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर छापलेली चकती चालेल का? की ॲल्युमिनियमच्या पत्र्यात खाचा कापाव्यात? आणि खाचांचं अंतर किती बिनचूक लागतं? विकत मिळतात, पण त्यांचं मधलं भोक आपल्या स्क्रूपेक्षा लहान आहे, आणि विकतची आणून पप्पांना काय दाखवणार.

आई विचारते, तुम्ही आमच्याकडे कधी येणार. सायखेड्याहून बसने फार वेळ लागत नाही.

आपला भाचा,
सुयश

*

सायखेडा
१८ जानेवारी

चि. सुयश,
जय भीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, "पोरगं हाय का तलाठी? तारीखवार लिवलंय." नंतर दोनदा स्वतःच विचारलं, त्या चकतीचं काय झालं म्हणून. तेव्हा मनावर घेऊ नको.

मी चौतीस वर्षं कारखान्यात काढली पण असली उजेडाची चकती कधी केली नाही. तरी चकती ती चकती. सांगतो.

मधलं भोक आधी, काठ नंतर. भोक मध्यावर नसेल तर खाचा कितीही चांगल्या कापल्या तरी अर्ध्या फेरीत आकडा पुढे पळेल आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे राहील. भोक पाडलं की चकती त्याच भोकात धरून काठ फिरवून घे. खाच आणि दोन खाचांमधला पत्रा एकसारख्या रुंदीचा ठेव, म्हणजे डोळ्याला उजेड आणि अंधार सारखा मिळेल. पत्रा चकाकत असेल तर काळा रंग दे.

छापलेली आधी करून बघ. सोपी आहे, बिघडली तर दुसरी छापता येते. बाजारात काळी कुळकुळीत छपाई करणारा कोणी असेल तर त्याच्याकडे जा.

अंतर किती बिनचूक लागतं विचारलंस. एका खाचेची चूक एका खाचेपुरती राहते. पण ती दर फेरीला त्याच जागी येते. येतच राहते.

दाजींच्या हाताबद्दल लिहिलं आहेस. त्याबद्दल पत्रात काय लिहिणार.

गुडघे धरले आहेत. बसची पायरी चढवत नाही. अंजलीला सांग, उन्हाळ्यात बघू.

मल्हारी मामा

*

सिडको, नाशिक
२ फेब्रुवारी

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुमच्या पत्राने फार मदत झाली. मी ते शेडमध्ये लेथच्या वर चिकटवलं आहे.

छापलेली चकती जमली नाही. पवननगरला माझा मित्र सनी झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याच्याकडे पाच वेळा छापली. पाचव्या वेळी तो म्हणाला, "भावा, साठ रेघांसाठी साठ चकरा मारणार का? लग्नपत्रिका छाप एखादी, धंदा तरी होईल." घरी येऊन व्हर्नियरने मोजली. कागद मशीनमध्ये ज्या दिशेने जातो त्या दिशेने चकती १२०.६ मिलिमीटर, आडवी १२०.०. गरम रुळातून जाताना प्लास्टिक ताणलं जातं. दिसायला गोल, पण गोल नाही. शिवाय काळा रंग पुरेसा काळा नाही, दिवा त्यातून थोडा झिरपतो आणि आकडा थरथरतो. सनीला वाईट वाटलं. त्याने पाचव्या खेपेचा चहा पाजला.

म्हणून आता पत्रा. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा मिळाला आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मधलं भोक आधी केलं आणि काठ नंतर फिरवला. खाचा कापायला टूलपोस्टवर, हत्यार धरायच्या ठोकळ्यावर, एक छोटी मोटर बांधली आहे, तिला पातळ गोल करवत. प्रश्न साठ सारखे भाग पाडायचा होता.

तो सुटला आहे. पप्पांच्या पत्र्याच्या पेटीत खाली गोणपाटात गुंडाळलेली एक लोखंडी चकती सापडली. वीतभर रुंद, काठाजवळ साठ भोकं, एका भोकाशेजारी ठिपका ठोकलेला. मागे "म" असा ठसा आहे. ती तुमचीच असणार. लेथच्या मागच्या टोकाला ही चकती बसवायची, भोकात खिटी घालायची, एक खाच कापायची, खिटी काढून पुढच्या भोकात घालायची. साठ वेळा.

पप्पांना ती दाखवली. त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाले, "ठिपक्यापासून सुरुवात करतात. दादांचा नियम आहे." आणि व्हॅन पुसायला गेले.

मामा, ती तुमच्या हातची आहे म्हणून विचारतो. वापरू का? मी जपून वापरीन. खिटीच्या टोकाला तेल लावीन म्हणजे भोकं झिजणार नाहीत.

आपला,
सुयश

*

सायखेडा
८ फेब्रुवारी

चि. सुयश,
आशीर्वाद.

ती चकती वापरू नको.

जुनी आहे. भोकं घासली असतील. शनिवारी दुपारच्या बसला कंडक्टरकडे दे, मी स्टॅंडवर उतरवून घेईन. गोणपाटातच बांध.

तुला चकती विकत घ्यायची असेल तर मी घेऊन देतो. भोक लहान असेल तर मोठं करून घेता येतं. दाजींना कुठे कळणार आहे.

मामीला पत्र दाखवलं नाही. तिची तब्येत बरी आहे.

मल्हारी

*

सिडको, नाशिक
२३ फेब्रुवारी

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

आधी माफी मागतो. तुमचं पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा पहिली चकती कापून झाली होती. तुमची वस्तू माझ्या हाताने खराब होईल अशी तुम्हाला काळजी वाटली असेल. ती रास्त होती, हे आता कळतं. पण पहिली चकती चुकल्यावर ती तशीच ठेवून थांबणं मला जमलं नाही. मी आणखी दोन कापल्या.

तिन्ही चुकल्या.

मोजमाप देतो. साठ खाचांमध्ये साठ अंतरं. चकती १२० मिलिमीटरची आहे, म्हणजे काठावर प्रत्येक अंतर ६.२८ यायला पाहिजे. पहिल्या चकतीत एकोणसाठ अंतरं ६.२७ किंवा ६.२८ आली. साठावं, म्हणजे शेवटची खाच आणि पहिली खाच यांच्यामधलं, ६.७५. लेथवर लावून बघितलं. दर फेरीला त्याच जागी आकडा थबकतो आणि हत्यार पुढे गेलेलं असतं.

मला वाटलं, कापताना पत्रा कणभर सरकला. दुसऱ्या वेळी पत्रा चार बोल्टनी आवळला. सकाळी, पोटभर खाऊन, मोबाईल आईकडे देऊन कापली. साठावं अंतर ६.७५. तिसऱ्या वेळी शेवटच्या दहा खाचांना मी प्रत्येक वेळी खिटी दोनदा तपासली आणि श्वास रोखून कापलं. ६.७६.

तिसरी मोजत होतो तेव्हा पप्पा शेडमध्ये आले. त्यांनी माझ्या हातातून व्हर्नियर घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातात व्हर्नियर पाहिला नव्हता. मी ठिपका कुठे होता ते सांगणार, तेवढ्यात त्यांनी सरळ त्याच खाचेवर जबडा लावला. शोधलं नाही. आकडा वाचला, व्हर्नियर मिटून जागेवर ठेवला.

म्हणाले, "साठावी. माझीपण शेवटचीच होती. चाळीसच्या चाळीस."

मी चकती बाकावर ठेवली.

"शेवटाला हात ढिला पडतो आपला," ते म्हणाले. "सगळं नीट करायचं आणि दारात येऊन सोडून द्यायचं. साहेब तेच म्हणाला होता. मला वाटायचं उगाच म्हणतो."

त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चांदवडचा माणूस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन लेथ बघणार आहे. मी हो म्हटलं. गोदामात सुपरवायझर म्हणतो, पॅकिंगला माझ्यासारखा नीट माणूस नाही. तिथे साठावी खाच नसते.

लेथ गेला की तुमची चकती तुम्हाला स्वतः आणून देईन.

आपला,
सुयश

*

सिडको, नाशिक
१६ मार्च

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मामींचा आईला फोन आला होता. म्हणाल्या, "दोन घास खात्यात आन नदीवर जाऊन बसत्यात. पोराचं पत्र खिशातच हाय, धुवायला टाकू दिलं नाय." माझ्या पत्रात तुमच्या मनाला लागेल असं काही असलं तर मला सांगा. चकतीला ओरखडा पडलेला नाही. मी भिंगाने बघितली आहे.

आपला,
सुयश

*

सायखेडा
१९ मार्च

चि. सुयश,

आधी एक काम कर, मग पुढे वाच. चौथी चकती काप. ठिपक्याचं भोक पहिलं धरू नको. ठिपक्याला एक मोजून पुढे तेविसावं भोक येईल, त्याच्यावर खडूने खूण कर आणि तिथून सुरू कर. मग मोज.

तुझी शेवटची खाच बरोबर येईल. चूक मध्येच कुठेतरी येईल, अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या खाचेमध्ये. कारण चूक तुझ्या हातात नाही. ती चकतीत आहे, साठावं भोक आणि ठिपक्याचं भोक यांच्यामध्ये. मी ती तिथे ठेवली आहे.

ती चकती मी १९९६ साली घरी केली. तेव्हा आमच्यासारख्याला असली वस्तू विकत घेणं जमत नव्हतं. गोल लोखंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, जिथे पट्टी पट्टीवर चढते तिथे पात्याने कापायची, सपाट पाटावर पसरून साठ भाग करायचे, परत गुंडाळून भोकांच्या खुणा ठोकायच्या. अकरा रविवार गेले. शेवटच्या रविवारी लक्षात आलं की सांध्यात पट्टीची दोन टोकं एकमेकांना भिडलीच नव्हती. पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर राहिलं होतं. साठ भोकं पाडून झाली होती. फेकवली नाही. सांधा कुठे आहे ते मला कळावं म्हणून ठिपका ठोकला आणि मागे नाव घातलं.

पोरांना शिकवताना मी नियम केला, ठिपक्यापासून सुरुवात करायची. म्हणजे चूक नेहमी शेवटाला जायची. शेवटाला चूक आली की बघणाऱ्याला वाटतं, मशीनवरचा जॉब सरकला, हात ढिला पडला. कुणी चकतीकडे बघत नाही. हे मी असं ठरवून केलं होतं का, ते मला आता सांगता येत नाही. पण मला माहीत होतं.

२००८ च्या जूनमध्ये कंपनीचं भाग पाडायचं यंत्र बिघडलं आणि साठ खाचांच्या चाळीस चाकांची घाई होती. मी सुपरवायझर. कुणाला न विचारता ही चकती घरून नेली आणि सगळ्यांत चांगला हात ज्याचा होता त्याला दिली. तुझ्या पप्पांना. त्यांनी विचारलं होतं, "दादा, तपासली आहे ना?" मी म्हणालो, "ठिपक्यापासून सुरू करा."

तपासणीत चाळीस चाकं नापास झाली. साहेबाने मला सगळ्यांसमोर विचारलं, चकतीत दोष आहे का. मी म्हणालो, "बारा वर्षं वापरतोय साहेब."

त्या वेळी दाजींनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. सुयश, ते तिथे एक शब्द जरी बोलले असते तर मी कबूल केलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते का बोलतील. नोकरीला लावणारा मी, काम शिकवणारा मी. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हातावर ठेवला नाही.

त्यांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवलं तेव्हा कंपनीने ती चकती त्यांच्याच पेटीत टाकून दिली. मी मागायला आलो नाही. त्या दिवसानंतर मी तुमच्या घराची पायरी चढलो नाही. गुडघे आणि कान नंतर गेले.

तू चकती सापडल्याचं लिहिलंस तेव्हा खरं लिहायची वेळ होती. तेव्हाही मी भोकं घासली असतील असं लिहिलं. तुझ्या तीन चकत्यांचं पत्र आल्यावर मात्र कळलं की माझी चूक आता तुझ्या हातावर चढते आहे.

हे पत्र दाजींना दे. समोर येऊन सांगायची हिंमत नाही म्हणून तुझ्या हातून पाठवतो, हेही त्यांना सांग.

मल्हारी

*

सिडको, नाशिक
३० मार्च

मामा,
जय भीम.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोनांत जे होतं ते यात नाही.

चौथी चकती तेविसाव्या भोकापासून कापली. शेवटचं अंतर ६.२७ आलं. अडतीस आणि एकोणचाळीसमध्ये ६.७५. मी ते चार वेळा मोजलं. 

गुरुवारी सकाळी पप्पा व्हॅनची किल्ली घेऊन निघत होते, तेव्हा पत्र दिलं. त्यांनी दारात उभं राहून वाचलं. पहिलं पान झाल्यावर आईने विचारलं, "काय म्हणतो दादा?" ते दुसरं पान वाचत राहिले. बाहेर कोपऱ्यावर पोरं थांबली होती, एकाने हाक मारली, "काका, प्रार्थना होऊन जाईल!" पप्पांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, "आलो रे" म्हणाले आणि गेले. एकाही पोराला उशीर झाला नाही.

आईने मग मला वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ माझा आहे. याच्यात तू बोलू नको." आणि ताडपत्रीची घडी घालून माळ्यावर टाकली. आजपर्यंत ती म्हणायची, लेथ गेला तर जागा होईल.

शुक्रवार, शनिवार पप्पा शेडकडे फिरकले नाहीत. मला भीती वाटत होती की काहीच होणार नाही.

आज सकाळी चहा घेऊन ते शेडमध्ये आले. घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. माझ्या चारही चकत्या ओळीने लावल्या, चौथी उचलून उजेडाकडे धरली. म्हणाले, "खाचेची कड छान आहे. करवतीला रॉकेल लावतोस का?"

मी म्हणालो, "हो."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

त्यांनी मान हलवली. मग लेथच्या बाजूचं झाकण उघडलं. आत पट्ट्याच्या शेजारी आटे पाडायच्या कामाची दातेरी चाकं टांगलेली असतात, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी बोटाने दाते मोजत एक चाक काढलं. त्याच्यावर ६० असा आकडा आहे. कारखान्यात कापलेलं चाक. गेलं वर्षभर मी ते पुसून परत टांगत होतो.

"साठ भाग पाहिजेत ना? हे काय मग," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या चकतीवर कशाला विसंबायचं."

ते चाक त्यांनी लेथच्या मागच्या टोकाला बसवलं. दोन दात्यांत बसेल अशी पोलादी खिटी घासून केली. पहिल्या खाचेला थांबले, दोन्ही तळवे पँटला पुसले आणि म्हणाले, "तू मोटर धर." मी मोटर धरली. ते एक एक दाता सोडत गेले. मोठ्याने मोजत होते. पन्नासनंतर त्यांचा आवाज बारीक झाला. एकोणसाठ. साठ.

मी व्हर्नियर पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "तू बघ," म्हणाले आणि पाठ करून उभे राहिले.

६.२८.

मी आकडा सांगितला. त्यांनी परत सांगायला लावला. मग ते शेडच्या बाहेर नळावर गेले आणि खूप वेळ हात धूत राहिले. आई गेली त्यांच्याजवळ. मी चकती स्क्रूवर बसवली. पूर्ण फेरी फिरवली, आकडा कुठेही थबकला नाही. तीन मिलिमीटर म्हणजे तीन मिलिमीटर.

चांदवडच्या माणसाला पप्पांनी दुपारी फोन केला. "लेथ द्यायचा नाही. कामात आहे," एवढंच म्हणाले.

सोबत त्यांचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. पाकिटाला डिंक त्यांनीच लावला.

सुयश

*

सिडको, नाशिक
३० मार्च २०२५

मल्हारी दादा,
जय भीम.

तुमचं पत्र वाचलं. सुयशने तुम्हाला आजचं सगळं लिहिलं असेल.

मी माफ केलं असं लिहायला बसलो होतो. लिहिता आलं नाही. खोटं लिहिण्यापेक्षा राहू दे. गेली सतरा वर्षं मी घरात खिळासुद्धा ठोकला नाही. अंजली खिडकीची कडी बसवायला शेजारच्याला बोलवायची. शेजारचा म्हणायचा, "दीपकभाऊ, तुम्ही तर कंपनीत होता ना?" तुम्ही त्या दिवशी कबूल केलं असतं तर तुम्हाला चार दिवस बोलणी बसली असती. तुमची नोकरी गेली नसती. तुम्हाला सगळे मानत होते. मीपण.

तुम्ही लिहिलं आहे की मी तेव्हा हाताकडे बघितलं. बरोबर आहे. तेव्हापासून रोज बघतो.

एकच मागायचं आहे. चौदा तारखेला आमच्या कॉलनीच्या चौकात अभिवादनाला आपल्या खात्यातली सगळी जुनी माणसं येतात. चिमाजी येतो, देवराम येतो. तपासणीत तेव्हा उभे होते ते सगळे. दर वर्षी मी लांबून हार घालून निघून येतो, कारण कुणी ना कुणी चाळीस चाकांचा विनोद करतो. तुम्ही या. पत्रात जे लिहिलं ते तिथे बोला. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लोक काय म्हणतात ते तुम्हाला कळणार नाही. पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोला.

मला ऐकायचं आहे.

त्यानंतर घरी जेवायला यायचं की नाही ते तेव्हा बघू. अंजली स्वयंपाक करणार आहे.

तुमची चकती भंगारात टाकायला सुयश निघाला होता. मी अडवलं. साठावं भोक आणि ठिपका यांच्यामध्ये मी छिन्नीने आडवी रेघ मारली आहे, म्हणजे पुढे कुणाच्या हाती लागली तर फसणार नाही.

दीपक

*

सायखेडा
७ एप्रिल

दाजी,
जय भीम.

येतो. सकाळच्या पहिल्या बसने. सुयशची मामीही येते आहे. तिला सगळं सांगितलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज म्हणाली, "बोलताना खाली बघू नका, आवाज जात नाय."

चकती चौकात घेऊन या. बोलताना ती माझ्या हातात असू दे.

मल्हारी